डिंगोऱ्याची मोटर आणि माझे कान

मंडळी, दाढदुखीवर घेतलेल्या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी झाली, अंगभर पुरळ उठलं आणि चार दिवसांपूर्वी माझे दोन्ही कान बंद झाले. उपचार चालू आहेत. कान परत येतील का, हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत.

आज सकाळी डिंगोरे गावचे एक पाव्हणे विहिरीची मोटर दुरुस्तीला घेऊन आले. जुन्नरमध्ये माझं मोटर दुरुस्तीचं दुकान उभं राहिलं ते या कानांवरच. मोटर चालू करायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवायचं, त्याची मूठ कानाला लावायची, की बिघाड कळतो. सवयीनं तसंच केलं. हाडाला थरथर जाणवली, आवाज नाही.

पाव्हणे काहीतरी बोलून हसले. शेजारी बसलेल्या बायकोनं त्यांचं बोलणं वहीत लिहून दाखवलं: "भाऊ, लई वेळ नाडी बघताय. पेशंट वाचंल ना?" मी वाचून हसलो, तोवर त्यांचं हसून झालं होतं.

अंदाजानं बेअरिंग बदललं असतं, तर खपूनही गेलं असतं. पण खोटं बोलायला जीभ रेटेना. म्हटलं, "पावणं, मला ऐकू येत नाय. दुसरीकडं दाखवा."

त्यांनी वही ओढून स्वतः लिहिलं: "विहिरीवर दुसरी मोटर हाय. ही ठेवून जातो. कान आले की ऐका."

बायको वहीत कामापुरतंच लिहिते. तिची दिवसभराची कटकट काही कागदावर उतरत नाही, आणि मला तीच ऐकावीशी वाटतेय.

असे गेलेले कान तुमच्यापैकी कुणाचे परत आलेत का? धीर देण्यापुरतं नको, खरं सांगा.