चेपायची मनाई

आमच्या मुरुम गावच्या घरात दिवेलागणीनंतर सुनेनं सासूचे पाय चेपायचे, अशी रीत. लग्न होऊन मी हैदराबादहून इथं आले तेव्हा माझं निम्मं बोलणं शाळेतल्या इंग्रजीत अडकलेलं आणि उरलेलं लाजेत. त्यामुळं पाय चेपणं मला सोयीचं वाटे. हात चालत राहिले की तोंड चालवावं लागत नाही.

एका संध्याकाळी पोटरीच्या आतल्या बाजूला माझा हात गेला आणि अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, "यव्वाऽ!" करून कळवळल्या. कंदील जवळ आणून पाहिलं, तर कातडीखाली लाल रेघ. शीर बोटाला चऱ्हाटासारखी टणक लागत होती.

निजाम सरकारच्या दवाखान्यातला डॉक्टर तेव्हा नळदुर्गकडून दौऱ्यावर आला होता. तो मद्रासकडचा, त्याची उर्दू आमच्याहून वाईट. मला इंग्रजी येतं हे कळताच त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. वरवरच्या शिरेला सूज आहे, आत रक्ताची गुठळी धरली आहे, इथपासून सुरू करून तो बराच वेळ बोलला. पदराआडून मी जमेल तेवढं मराठीत सांगितलं. गरम पाण्याचा शेक द्यायचा, बोटांपासून गुडघ्याकडं पट्टी बांधायची, बसल्यावर पाय उशीवर ठेवायचा, थोडं थोडं चालायचं. आणि पाय अजिबात चेपायचा नाही, गुठळी सुटून पुढं गेली तर जिवावर बेतेल.

डॉक्टर उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच अव्वा हसल्या.

"त्यो घटकाभर बोलला, अन् हिनं सांगितलं काय, तर चेपू नका!"

माहेरपणाला आलेल्या वन्सं म्हणाल्या, "लई गुणाचा डॉक्टर गं वहिनी. माझ्या सासरी धाडून दे त्याला."

मीही हसले. दुसरं काय करणार? शेक आणि पट्टी डॉक्टरची, पण मनाई तेवढी माझी, चेपायचं चुकवायला जोडलेली, असं घरात ठरून गेलं.

पुढच्याच संध्याकाळी मी शेकाचं पाणी घेऊन आले, तर वन्सं तेलाची वाटी घेऊन पायाशी बसलेल्या. "अव्वा, वहिनी चेपत न्हाय तर ऱ्हाऊ दे. मी हाय की," म्हणत त्यांनी पट्टी सोडली आणि अंगठा शिरेवर टेकवला.

"हात लावू नका!"

हा आवाज माझाच, हे मला जरा उशिरा कळलं. ओसरीवर मामंजींचा अडकित्ता थांबला. वन्संचा हात होता तिथंच राहिला. शेकाचं पाणी खाली ठेवून मी तेलाची वाटी उचललीसुद्धा होती, आता ती कुठं ठेवावी ते सुचेना.

अव्वा माझ्याकडं वळल्या.

"यव्वा, हिला आवाज हाय व्हय!" मग वन्संना म्हणाल्या, "सरक तिकडं. खरंच सांगत व्हती ही."

"आता कसं गं खरं झालं?"

"कामचुकार माणूस वरडत न्हाय, गप बसून चुकवतंय. ही एवढी वरडली म्हंजे माझ्यापायी भ्याली. बांध गं पट्टी."

मी बांधली. रोज अंगणात माझ्या खांद्यावर हात टाकून त्या फेऱ्या मारू लागल्या. हळूहळू रेघ पुसट झाली, शीर मऊ पडली. पुढच्या दौऱ्यात डॉक्टरनं पाय पाहून सांगितलं, आता चेपला तरी चालेल. मी तेही जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

त्या संध्याकाळी पायाशी बसले, तर अव्वांनी पाय लुगड्यात ओढून घेतला.

"ऱ्हाऊ दे."

"पण डॉक्टर हो म्हणाले."

"त्यो म्हणंल. तू बोल कायतरी. वरडलीस तरी चालंल."