दुधात बुडवलेला पडदा

आबांना माझ्याशी बोलायचे होते आणि मी त्यांना शुक्रवारचा वायदा दिला होता.

तेव्हा मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात पीएच.डी.चे काम करत होते. घर भूमजवळच्या गावात, एसटीने अडीच तासांवर. माझे वडील, आमचे आबा, खव्याची भट्टी चालवत. यकृताच्या आजाराने भट्टी बंद पडली होती आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितले होते. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता. मी मात्र तपासण्यांचे कागद पाहून अंदाज बांधला होता: अजून पंधरा दिवस तरी.

माझ्या अभ्यासातले प्रथिन पेशीतली जनुके कामाला लावते, पण स्वतःवर फॉस्फेट चढल्यानंतरच. फक्त फॉस्फेट चढलेले रूप ओळखून त्याला चिकटणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, आम्ही परदेशातून मागवले होते. दोन महिन्यांनी, एका बुधवारी, ते बर्फाच्या डब्यातून आले. करंगळीच्या पेराएवढी कुपी, तळाशी थेंबभर द्रव.

"आली का तुझी बाटली?" आबांनी फोनवर विचारले.

"आली, आबा."

"एवढीशी बाटली अन् इमानात बसून आली. आमी जल्मात बसलो न्हाय." ते हसले आणि त्यांना दम लागला. "उद्या ये की, बाय. जरा बोलायचं हाय."

"आत्ताच सांगा ना."

"फोनवर सांगायचं असतं तर ये कशाला म्हणलो असतो?"

प्रयोग दोन दिवसांचा आहे, शुक्रवारी दुपारी निघते, असे मी सांगितले.

त्या प्रयोगात पेशीतली प्रथिने कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवतात. पडद्याची उरलेली जागा आधी दुसऱ्या प्रथिनाने भरून टाकावी लागते, नाहीतर प्रतिपिंड भलतीकडेच चिकटते; आणि ते जिथे चिकटते तिथे शेवटी काळे उमटते. त्यासाठी मी नेहमी दुधाची पावडर वापरत असे. भट्टीवर वाढलेल्या मुलीला दुधाची शंका येत नाही. गुरुवारी मी पडदा दुधात बुडवला, मग त्यावर प्रतिपिंड घालून तो रात्रभर थंडीत ठेवला.

शुक्रवारी दुपारी तो काळाकुट्ट निघाला. दुधातल्या केसीन या प्रथिनावर मुळातच फॉस्फेट असते. प्रतिपिंड त्यालाच जाऊन चिकटले होते. कुपीसोबतच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिले होते की दूध वापरू नये, अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन वापरावे. एकही ओळ न सोडता वाचणारी अशी माझी ख्याती. त्या कागदाची घडीसुद्धा मी उघडली नव्हती.

उरलेले नमुने फ्रीजरमध्ये ठेवता आले असते. कोणी अडवले नव्हते. मार्गदर्शक बाईंनी तर "घरी जाऊन ये आधी," असेच सांगितले. पण ती चूक तशीच मागे टाकून जाणे मला जमले नाही.

"एकच दिवस, आबा. उद्या नक्की," मी फोनवर म्हणाले.

"काम असंल तर कर. आमी कुठं पळून चाललोय?"

शनिवारी दुपारी अल्ब्युमिन वापरलेल्या पडद्यावर एकच पट्टी उमटली, अगदी नेमक्या जागी. इतका स्वच्छ निकाल मला तोवर कधी मिळाला नव्हता. मी फोनमध्ये त्याचा फोटो घेतला आणि बस स्थानकावर धावले.

आई दारातच उभी होती.

"सकाळपासनं डोळं उघडलं न्हाईत," ती म्हणाली. "काल सांजपातूर बोलत व्हते. गाडी वाजली की इचारायचे, आली का बघ."

"काय सांगायचं होतं त्यांना?"

"मला न्हाय सांगितलं. तुलाच सांगायचं म्हणले."

मी त्यांच्या उशाशी बसले, हात हातात घेतला, हाक मारली. श्वास चालू होता, बाकी काही नाही. यकृत थकले की अमोनिया रक्तात साठतो आणि माणूस असा शुद्धीबाहेर जातो, हे मला पाठ होते. हीच अवस्था आणखी दोन आठवड्यांनी येईल, असे मी धरून चालले होते.

आईने माझ्याकडे पाहिले. "त्यांना ऐकू येतंय का गं? तू शिकलीस. तुला ठावं असंल."

मला ठाऊक नव्हते.

"येतं, आई," मी म्हणाले.

तिने लगेच स्टूल ओढले आणि त्यांच्या कानाशी वाकून बोलायला लागली: शेजारणीची म्हैस व्यायली, बोअरला पाणी आहे, पोरगी आली बघा. मंगळवारी पहाटे ते गेले. तोपर्यंत ती बोलतच होती. मला त्या पहिल्या हाकेनंतर त्यांच्याशी एक शब्दही बोलता आला नाही.