निरोपाच्या जेवणात साहेब बोलले ते

लेफ्टनंट जनरलांच्या बायकोने अडतीस वर्षांत चोवीस घरं लावली आणि तितकीच मोडली. नव्या घरात पडदे हमखास आखूड पडत, मग ती खाली पट्टी जोडी. लेकीला दर दोन वर्षांनी नव्या शाळेच्या दारात रडत सोडून येई. बायका म्हणत, "नशीब काढलंस हो!" तिलाही ते पटे. नवरा शांत, जवानांचा लाडका. तरुण कॅप्टन असताना शत्रूने घेरलेल्या पुलावरून नव्वद माणसं त्याने जिवंत परत आणली होती. त्याबद्दल शौर्यपदक मिळालं आणि पुढे बढती कुठे अडली म्हणून नाही.

निवृत्तीच्या दिवशी मेसमध्ये दुपारचं जेवण होतं. भाषणं झाली. एका ब्रिगेडियरने साहेबांच्या घोरण्यावर विनोद केला, ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग साहेब उठले.

"पुलावरून माणसं मी आणली नाहीत," ते म्हणाले. "माझे हातपाय गळाले होते. हवालदाराने माझ्या नावाने हुकूम दिला आणि सगळ्यांना मागे काढलं. एका जखमीला उचलायला तो मागे थांबला, दुसऱ्या दिवशी पोचला. जखमी वाटेतच गेला होता. हवालदार खरं बोलेल या भीतीने मी लिहून दिलं, की तो जागा सोडून पळाला. मला पदक मिळालं. त्याला बडतर्फ केलं."

तिच्या हातातला घास तसाच राहिला. समोर उभा असलेला माणूस कोण, हेच तिला क्षणभर कळेना.

घरी आल्यावर तिने विचारलं, "इतकी वर्षं एका ताटात जेवलो आपण, आणि मला हे दोनशे लोकांबरोबर कळावं?"

"तुला आधी सांगितलं असतं, तर तू मला अडवलं असतंस."

'मुळीच नाही' म्हणायला तिने तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं, हे तिचं तिलाच कळलं.

साहेबांनी मुख्यालयाला लेखी जबाब दिला. जुन्या मित्रांचे फोन थांबले. आठवड्याने तीच म्हणाली, "चला, त्या हवालदारांकडे जाऊ."

हवालदार शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. तेलकट हात पुसत त्याने जबाबाची प्रत वाचली, दोनदा वाचली.

"साहेब, माझ्या वडिलांनी मरेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं होतं," तो म्हणाला. "हा कागद आता त्यांना कसा दाखवू?"

हवालदाराने तिला बसायला स्टूल दिलं, साहेबांना मात्र बसा म्हणाला नाही. ती बसली नाही. बसावं तरी कुठल्या तोंडाने?

वर्षभर चौकशी चालली. पदक काढून घेतलं. हवालदारावरचा डाग पुसल्याचा हुकूम निघाला, पेन्शन सुरू झाली. हुकूम द्यायच्या कार्यक्रमाला तो आलाच नाही, त्याच्या मुलीने सही करून कागद घेतला. साहेबांची बायको मागच्या रांगेत उभी होती. मुलगी शेजारून गेली तेव्हा तिने हात जोडले. मुलीने पाहिलं आणि ती चालत राहिली.

नवराबायको आजही एकाच घरात राहतात. ती त्यांना चहा देते, औषधाची आठवण करते. पुलाचा विषय मात्र त्या कार्यक्रमानंतर दोघांनी काढलेला नाही.