हवेचं भाडं

सनाचा फोन आला तेव्हा मी एका पार्सलला टेप लावत होते. "काकू, अम्मी गेली..." एवढंच तिला बोलता आलं. टेपचं टोक बोटाला तसंच चिकटलेलं आणि मी नुसती उभी. तिच्या अम्मीला, म्हणजे आमच्या नसीमआपांना, किडनीच्या दुखण्यानं बरेच महिने अंथरूण धरायला लावलं होतं. ही बातमी कधीतरी येणार हे माहीत होतं. माहीत असून काय होतं... त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. उरलंय ते बहुतेक सगळं चांगलंच आहे, म्हणून लिहायला बसले.

शाळेतली नोकरी सुटल्यावर मी पुंडलिकनगरच्या घरी दिव्यांच्या शेड करायला लागले होते. वर-खाली तारेची दोन कडी आणि त्यांच्यावर ताणलेलं हिमरूचं, विणीतच वेलबुट्टी असलेलं कापड. एका प्रदर्शनात आपांनी एक शेड उचलली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "लई सुंदर आहे. पण सनाला पुण्याला पाठवायची कशी?" मी खरं ते सांगून टाकलं. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजतात. शेड पिसासारखी हलकी, पण तिचं खोकं हंड्याएवढं. पाठवायचा खर्च ऐकला की बाहेरगावची गिऱ्हाइकं माघारी फिरायची. सगळं आवरून टाकावं असं माझ्या मनात चाललं होतं. आपा वाळूजच्या एका कारखान्यात मशीनच्या ड्रॉइंगचं काम करून निवृत्त झालेल्या. त्या हसल्या. "अगं, त्या खोक्यात आहे काय? हवा! हवा का किराया कायको देने का?"

त्या शेड घेऊन गेल्या आणि चार-आठ दिवसांनी माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी रात्रंदिवस खपून केलेली शेड त्यांनी उभी कापली होती! "रड नंतर, आधी बघ," म्हणत त्यांनी कापलेल्या कडांना लावलेली टिचबटणं टक टक करून बसवली. शेड पुन्हा गोल झाली. बटणं काढली, घडी घातली, तारेची कडी सुटी करून वर ठेवली आणि सगळं एका चपट्या पाकिटात गेलं. पुढं काय करावं तर आमच्या गॅलरीतून ते पाकीट त्यांनी खाली रस्त्यावर टाकलं. शेजारणी बाहेर आल्या. आपा शांतपणे म्हणाल्या, "कुरिअरवाले याच्याहून बेक्कार टाकतात."

पाकीट टिकलं, पण पहिल्याच खेपेला नाशिकच्या एका बाईंची तक्रार आली. दिवा लावला की घडीची काळी रेघ दिसते. मी घाबरले. आपांनी स्वतः फोन लावला, माफी मागितली आणि रेघ नेमकी कुठं पडते, केवढी पडते, हे त्या बाईंकडून नीट समजून घेतलं. मग शेडचे दोन अर्धे भाग केले. घडीच नको, तर रेघ कुठून येणार! त्यांनी मला शेडची मापंही ठरवून घ्यायला लावली. त्याआधी मी मनाला येईल त्या मापाची शेड करायची आणि दर मापाचं वेगळं खोकं गुलमंडीच्या बाजारातून आणून ठेवायची. आता लहान आणि मोठं अशी दोनच पाकिटं. लागतील तेवढीच आणायची.

त्यानं काय झालं हे सांगायचं तर आमच्या अण्णांबद्दल सांगावं लागेल. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांची खोली खोक्यांनी भरली होती आणि ते बिचारे हॉलमध्ये दिवाणावर झोपायचे. पाहुणे आले की उठून बसायचे. कधी बोलले नाहीत. खोकी संपली त्या दिवशी आपांनी स्वतः झाडू घेतला, खोलीची खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "अण्णा, या. तुमची खोली रिकामी झाली." अण्णा पलंगावर बसले, पाय लांब केले. "व्हय, आता घरी आल्यासारखं वाटतंय," म्हणाले. आपा पाठ फिरवून खिडकीचे गज पुसत राहिल्या. ते तेव्हा पुसायची काही गरज नव्हती.

धंदा तगला. हाताखाली दोघी बायका आल्या. आपा मात्र थकत गेल्या. शेवटची मोठी ऑर्डर फर्दापूरच्या एका हॉटेलची. तिची पाकिटं कशी रचायची हे त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं होतं. दिवे लागलेले बघायला दोघींनी जायचं ठरलं होतं. ते राहिलं...

गेल्या आठवड्यात मी एकटीच गेले. भर दुपारी मॅनेजरला म्हटलं, "सगळे दिवे लावता का?" त्यांनी का म्हणून विचारलं नाही. जेवणाच्या हॉलचे पडदे ओढले आणि एकेक ओळ लावत गेले. हिमरूची वेलबुट्टी भिंतींवर उतरली. माझ्या हातून पाकिटात गेलेले हे दिवे, पण एकत्र पेटलेले मी कधी पाहिलेच नव्हते. मी सनाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वर धरून टेबलांमधून चालत राहिले. मग ती म्हणाली, "काकू, जरा हळू फिरवा ना. अम्मीनं एकेक थांबून बघितला असता."

मी परत दारापाशी गेले आणि पहिल्या दिव्यापासून पुन्हा सुरुवात केली.