पायाळू पोरीशेजारी बसलेली बाई

वैशाखातली दुपार होती. मांजरसुंब्याजवळच्या माळावर आमची आजी, गोजर, तिच्या वडिलांबरोबर मेंढरं घेऊन चालली होती. निजामाचं राज्य होतं आणि आजी तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची असेल.

हा प्रसंग ती मला माझ्या लहानपणी सांगायची. परवा तो पुन्हा आठवला आणि मग राहवेना... म्हणून लिहितोय.

आजी पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले होते. पायाळू माणसावर वीज पडते असं तेव्हा सगळ्यांना अगदी पक्कं ठाऊक होतं. आभाळ गडगडलं की लोक तिच्यापासून चार हात लांब सरकत. तिचे वडीलसुद्धा... तिच्यावर त्यांचा जीव होता, पण ढग आले की तेही लांबूनच तिच्याशी बोलत.

त्या दिवशी बघता बघता आभाळ काळं झालं, वारं सुटलं. माळावर मारुतीचं एक लहानसं देऊळ होतं. मेंढरं त्याच्या आडोशाला लावून बापलेक आत शिरले. आत बाजाराहून परतणारी माणसं आधीच दाटीवाटीनं बसली होती.

त्यात आजीच्या गावाशेजारचा एक माणूस निघाला. पहिली वीज कडाडली आणि तो ओरडला, "आरं, ही तर पायाळू पोर हाय! हिच्यापायी समदे मरताल!"

क्षणात सगळ्यांचे चेहरे बदलले. एका बाईनं तर आपलं लेकरू पदराखाली ओढून घेतलं. "भाईर काढा तिला," अशी कुजबुज सुरू झाली आणि हळूहळू तिचा गलका झाला.

आजी घाबरली होती. पण घाबरता घाबरताच तिनं विचारलं, "मागल्या साली आमच्या शिवारात आंब्यावर ईज पडली. त्यो आंबा बी पायाळू व्हता का?"

कुणीतरी फिसकन हसलं... पण तेवढ्यात पुन्हा कडकडाट झाला आणि हसू विरून गेलं. "लई शानी हायेस. व्हय भाईर!" तो माणूस म्हणाला.

आजीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. आजी म्हणायची, "माझा बाप वाईट न्हवता रे. त्यालाबी खरंच वाटायचं ते."

ती एकटीच उठली आणि पावसात जाऊन देवळाच्या ओट्याखाली बसली. गुडघ्यात डोकं घालून.

आत कोपऱ्यात भागाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. सिरसाळ्याची, आमच्यासारखीच मेंढपाळाच्या घरातली, लेकीला भेटून परत निघालेली. ती उठली, खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि दाराकडे निघाली.

"कुठं निघालीस गं म्हातारे? मरायचंय का?" तोच माणूस म्हणाला.

भागाबाई दारात थांबली. "तुमी म्हंता ते खरं असलं, तर पोरीला येकलीला मरायला कसं सोडायचं? आन खोटं असलं, तर भाईर कशापायी काढलं?"

ती बाहेर गेली, आजीला खेटून बसली आणि दोघींच्या डोक्यावरून घोंगडं ओढून घेतलं. गाराही पडायला लागल्या होत्या.

आजीनं विचारलं, "तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की! पर येकलीनं भ्यायचं लई वाईट असतं, बाय. दोघी मिळून भिऊ."

मग काय झालं माहितीय? थोड्या वेळानं घोंगड्याची दुसरी बाजू उचलली गेली. आजीचे वडील होते. नखशिखांत भिजलेले. ते आजीच्या दुसऱ्या अंगाला येऊन बसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गडगडाटात बाप जवळ बसल्याचं तिला तोवर आठवतच नव्हतं...

इथपर्यंत आलं की आजी दरवेळी थांबायची. डोळे पुसायची आणि मग उगाच मला पाणी आणायला पाठवायची.

वीज कुणावरच पडली नाही. ना देवळावर, ना त्या तिघांवर. वळवाचा पाऊस तो, आला तसा गेला. देवळातली माणसं खाली मान घालून एकेक करत निघून गेली.

भागाबाई मात्र थांबली. घोंगडं पिळता पिळता आजीच्या वडिलांना म्हणाली, "माझा धाकटा ल्योक लग्नाचा हाय. पोरगी द्याल का?"

वडील गांगरले. "बाई, पोर पायाळू हाय. मागनं बोल लागाया नको."

"ठाव हाय की मला. तिच्याच शेजारी बसले न्हवं आत्ता?"

आजी सिरसाळ्याची सून झाली ती अशी.

पुढंही आभाळ भरून आलं की भागाबाई चुलीपासून हाक मारायची, "गोजर, हितं माझ्यापाशी बस गं." आजी सांगायची, सासूला विजेची भीती शेवटपर्यंत होती. ती काही कुणी मोठी सुधारक नव्हती... पायाळूचं खरं की खोटं, हेही तिला ठाऊक नव्हतं.

मला कौतुक वाटतं ते याचंच. खरंखोटं ठरायची वाट बघत बसणारे आपण सगळेच असतो. ही बाई मात्र भीती घेऊनच उठली आणि एका अनोळखी पोरीला खेटून बसली. माझ्या या पणजीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. पण आमचं अख्खं घर तिच्या त्या उठण्यातून उभं राहिलंय.