सहानंतरचे तीन उसने आकडे

पोलादपुरात आमच्या शेजारी एक निवृत्त खलाशी राहत असत. कुटुंब मूळचे महाडच्या मुसलमान आळीतले. तरुणपणी बोटीवर असताना ग्रीसच्या एका बंदरात त्यांचे लग्न झाले होते. पत्नी रोमा समाजाची. शतकांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेल्या भटक्यांची लेक. इथे येऊन ती मराठी शिकली, भाकऱ्या थापू लागली. पण तिन्हीसांजेला कोंबड्या डालताना मात्र आपल्याच भाषेत मोजत असे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. शाळेत संस्कृत शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. एकदा सायंसंध्या आटोपून ओटीवर बसलो असता कुंपणापलीकडून ऐकू आले : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. द्वि, त्रीणि, पञ्च, षट्! दूरदेशी गेलेले आप्त अवचित दारात उभे राहावेत, तसे मला झाले. पुढे मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या. आणि मग पुन्हा ओळखीचे ‘देश’, म्हणजे दहा.

“मधले तीन कुठले, बाई?” मी विचारले.

“ते ग्रीकांचे, गुरुजी,” ती हसली. “आमची माणसं चालत गेली. आपले तीन वाटेत सांडले, मग शेजाऱ्यांचे उसने घेतले. तुम्ही घरी बसून राहिलात, म्हणून तुमचे सगळे शाबूत हायत!”

काही वर्षांनी तिला अर्धांगवायूचा झटका आला. मराठी गेली. लग्नानंतर सुरुवातीला नवऱ्याशी बोलायची ती ग्रीकही गेली. उरली ती फक्त आईची भाषा, आणि ती त्या घरात कोणालाच येत नव्हती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणे आणि कोणाला उमगले नाही की डोळे मिटून घेई. शेवटी खलाशी स्वतः मला बोलवायला आले.

“गुरुजी, तिचे आकडे तुम्हाला कळले होते. काय मागतेय तेवढं सांगा. माझ्याच्यानं बघवत नाय.”

मी खाटेशी बसलो. “मांगाव ते दिखाव ओ द्रोम,” ती म्हणाली.

“मागते आहे... पाहायला मागते आहे,” मी सावकाश म्हणालो. “शब्द आपलेच आहेत. पण द्रोम काही उलगडत नाही.”

“तो ग्रीक हाय!” ते म्हणाले. “बंदरावर रस्त्याला द्रोमोस म्हणायचे.”

अर्धे माझ्याकडून, अर्धे त्यांच्याकडून, असे ते वाक्य पुरे झाले. तिला रस्ता पाहायचा होता. आम्ही दोघांनी खाट फिरवली आणि दार उघडले. महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची दृष्टी जाऊन स्थिरावली, आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा शांत झाला.

त्यांचा मात्र उतरला. उंबऱ्यावर बसून त्यांनी विचारले, “कुठं जायचंय गो तुला? हितं काय कमी पडलं?”

ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. मी मनात ईश्वराचे नाव घेतले. थोड्या वेळाने ते उठले आणि दारातून बाजूला सरून भिंतीला टेकून उभे राहिले. ती जाईपर्यंत ते पुन्हा त्या उंबऱ्यावर बसले नाहीत.