न दुखणारी गाठ

साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या त्या बाईला सगळ्याजणी रेडिओ म्हणत. हात वड्यांना कागद गुंडाळायचे आणि तोंड बातम्या द्यायचं. पण आवारात स्तनांच्या तपासणीची गाडी आली, तेव्हा हा रेडिओ बंद पडला.

जावं की न जावं? शेजारची म्हणाली, "यंत्रात दाबतात म्हणे. नसलेला रोग उठून बसायचा." नवरा म्हणाला, "तुला वाटेल ते कर." त्याने गोंधळ वाढलाच. शेवटी पुढच्या दोघी गेल्या म्हणून ही गेली.

"मला काही दुखत नाही," तिने नर्सला सांगितलं. "मग बघणार काय?"

"मावशी, कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखत नाही. म्हणून तर बघायचं."

"दुखत नाही म्हणजे चांगलंच ना?"

नर्सने पुन्हा समजावलं. हिने पुन्हा मान हलवली. डोक्यात काही शिरलं नाही.

काही दिवसांनी निरोप आला, एक फोटो परत काढायचाय. तो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई हसल्या, "काही नाही. दोन वर्षांनी या."

काही नाही, तर परत कशाला? विचारायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी धाकट्या जावेबरोबर कपड्यांच्या घड्या घालताना तिने सगळं ओकून टाकलं. "आणि ऐक, न दुखणारी गाठसुद्धा दाखवायची म्हणे! उलटंच की नाही?"

जावेच्या हातातली चादर तशीच राहिली.

"ताई, मला आहे. डावीकडे. दुखत नाही म्हणून मी निर्धास्त होते."

धीर द्यावा की रागवावं?

"तुमच्या दिरांना सांगू नका."

"बरं," ती म्हणाली, आणि दीर घरात येताच सांगून मोकळी झाली. जाऊ चार दिवस बोलली नाही, पण दवाखान्यात तिचाच हात धरून गेली.

कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. जाऊ आता बरी आहे.

रेडिओचा गोंधळ मात्र तसाच आहे. एका घरात राहतो, एका भांड्यातलं खातो, मग तिलाच का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेमकं नाही सांगता येत." एवढं शिकलेल्या बाईलाही सांगता येत नाही, हे तिला अजून पटत नाही.